बॅटरीविना लॅपटॉप

प्रश्न : लॅपटॉपची बॅटरी फुगल्याने मी ती काढून ठेवली. आता केवळ विजेवर चालवल्यास लॅपटॉप जळेल काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपली भीती अनाठायी आहे. मूळचा अ‍ॅडॉप्टर घरातील विद्युत्प्रवाहाचे सुमारे १९ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करूनच तो यंत्राला पुरवीत असल्याने, बॅटरीच्या अभावी यंत्रास अपाय संभवत नाही. मात्र वीज खंडित होताच जतन न केलेले काम तत्क्षणी नष्ट होते, सबब यूपीएसची तजवीज अवश्य करावी. काही लॅपटॉप अशा स्थितीत मंदगतीने चालतात, तो बिघाड समजू नये. फुगलेली बॅटरी आपण काढलीत, हे फार योग्य केलेत. ती टोचू अथवा दाबू नका, घरच्या कचऱ्यातही टाकू नका, कारण तिला आग लागू शकते. ती सत्वर ई-कचरा संकलन केंद्राच्या हवाली करा.