छोट्या रेल्वेचे मोठे सुतारकाम

छोटी रेल्वे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चावीची आगगाडी येते. दिवाळीत घरात येणारी आणि शिमग्यापर्यंत मोडणारी. प्रस्तुत लेखाचा विषय ती नव्हे. अमेरिकेत १९३४ साली मिलवॉकी येथे ए. सी. काल्मबाख यांनी 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक सुरू केले. तेव्हापासून, किंबहुना त्याच्याही थोडे आधीपासून, तिथली मोठी माणसे तळघरात, माळ्यावर आणि गॅरेजमध्ये संपूर्ण रेल्वेमार्ग ठरावीक प्रमाणात उभे करीत आली आहेत. त्यात इंजिने आणि डबे बहुधा विकत घेतलेले असतात. पण स्थानक, पाण्याची टाकी, मालधक्का, पूल या गोष्टी करणाऱ्याच्या हातच्या असतात आणि त्यातही लाकडाचे बांधकाम हे खरे कसोटीचे काम मानले जाते.

आधी प्रमाण समजून घेऊ. सर्वांत प्रचलित प्रमाण 'एचओ' नावाचे आहे. त्यात एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर, म्हणजे मूळ वस्तू सुमारे ८७ पटीने लहान होते. सहा फुटी माणूस २१ मिलिमीटरचा होतो. बारा इंची चौरस तुळई साडेतीन मिलिमीटरची आणि एक इंच जाडीची फळी तर जेमतेम ०.२९ मिलिमीटरची, म्हणजे जाडसर कागदाएवढी. हा हिशेब कंटाळवाणा वाटेल, पण सारी गंमत त्यातच आहे. आइस्क्रीमची काडी साधारण दहा मिलिमीटर रुंद असते. ती जशीच्या तशी भिंतीला फळी म्हणून लावली, तर ती फळी जवळजवळ तीन फूट रुंदीची झाली! एवढ्या फळ्यांची आख्खी भिंत कोणत्या सुताराने कधी रचली? पाहणाऱ्याला हिशेब कळत नाही, पण काहीतरी खोटे आहे हे मात्र लगेच कळते. उलट दोन मिलिमीटरची आगकाडी या प्रमाणात सुमारे सात इंची खांब होते, आणि व्हरांड्याला सात इंची खांब शोभून दिसतो.

आता लाकडी पुलाकडे वळू. आपल्याकडच्या वाचकाने असा रेल्वेपूल बहुधा पाहिलेला नसतो. १८६३ मध्ये पुरा झालेला बोरघाटाचा मार्ग घ्या. तिथे दगड हाताशी होता, म्हणून पूल दगडी झाले. अमेरिकेच्या पश्चिम भागात परिस्थिती उलटी होती. जंगल मुबलक, लोखंड दूर, गवंडी महाग आणि कंपनीला मार्ग लवकर सुरू करण्याची घाई. म्हणून दरीत लाकडी चौकटींची रांग उभी करून त्यावर रूळ टाकीत, आणि पुढे पैसा आला की कित्येकदा तीच दरी मातीने भरून काढीत. यातला सर्वांत भव्य नमुना कॅलिफोर्नियातील गोट कॅन्यनचा पूल. १९३२-३३ मध्ये बांधलेला हा वळणदार पूल १८५ ते २०० फूट उंच आहे. एचओ प्रमाणातसुद्धा त्याची उंची ६५ ते ७० सेंटिमीटर भरेल, म्हणजे जेवणाच्या टेबलाएवढी.

अशा पुलाची प्रतिकृती करताना भार कुठून कुठे जातो हे समजले नाही, तर नुसता काड्यांचा पिंजरा तयार होतो. रुळांखाली स्लीपर, स्लीपरांखाली रुळांच्या बरोबर खाली येणारे लांब तीर, ते तीर एका आडव्या तुळईवर, ती तुळई चार-पाच उभ्या खांबांवर आणि खांब खाली जमिनीत किंवा पायतुळईवर. बाहेरचे दोन खांब पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखे किंचित कललेले असतात, कारण गाडी वळणावर बाजूला रेटते. चौकटीच्या दोन्ही अंगांना तिरक्या पट्ट्या असतात. त्या वजन उचलत नाहीत, डोलणे थांबवतात. दोन चौकटींत बहुधा १२ ते १६ फूट अंतर. कमी उंचीला गोल ओंडके जमिनीत ठोकून काम भागे; पण ओंडका झाडाएवढाच लांब असणार, म्हणून उंच पुलाला चौरस तुळयांच्या चौकटी मजल्यावर मजला अशा चढवीत. तेव्हा छोट्या पुलाला तीन मिलिमीटरची गोल बांबूची काडी चालेल, उंच पुलाला चालणार नाही.

प्रत्यक्ष करताना चौकटीचे पूर्ण मापाचे चित्र काढून पाटीवर चिकटवावे, वर मेणकागद ठेवावा, आणि टाचण्यांच्या किंवा छोट्या ठोकळ्यांच्या आधाराने काड्या जागच्या जागी बसवून पांढऱ्या फेव्हिकॉलने जोडाव्यात. एका साच्यावर वीस चौकटी सारख्या निघतात. पाय मात्र दरीच्या उताराप्रमाणे नंतर कापावे लागतात. पुलावर अधूनमधून छोट्या फलाटावर पाण्याची पिंपे ठेवलेली असत, इंजिनाच्या ठिणगीने पूल पेटू नये म्हणून. ही पिंपे विसरू नयेत. ती दिसली की पूल लाकडाचा आहे आणि इंजिन वाफेचे आहे हे पाहणाऱ्याला न सांगता कळते.

पाण्याच्या टाकीतही अशीच एक खूण आहे. २४ फूट व्यास आणि १६ फूट उंची हे एक प्रचलित माप. एचओमध्ये ८४ आणि ५६ मिलिमीटर. अरुंद उभ्या फळ्या गोलाकार मांडून त्यांना लोखंडी कड्यांनी आवळलेले असते. पाण्याने फळ्या फुगतात आणि सांधे आपोआप बंद होतात. पाण्याचा दाब तळाकडे वाढत जातो, म्हणून कडी खाली दाट आणि वर विरळ असतात. बाजारातल्या कित्येक खेळण्यांत ती सारख्या अंतरावर असतात. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी अशी टाकी एकदा वर्गात न्यावी असे वाटते.

स्थानकाच्या भिंतीवर उभ्या फळ्या आणि त्यांच्या सांध्यांवर बारीक पट्ट्या दिसतात. ही शोभा नव्हे. लाकूड लांबीत फारसे आक्रसत नाही, रुंदीत आक्रसते. फळ्यांमध्ये फट पडते, आणि ती पट्टी झाकते. लाकडाचा हाच स्वभाव प्रतिकृतीलाही छळतो. पातळ तक्त्याच्या एकाच बाजूला रंग लावला की तो होडीसारखा वाकतो. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. उपाय साधा आहे: दोन्ही बाजू एकाच वेळी रंगवाव्यात आणि आतून आडवे आधार द्यावेत.

लाकूड कोणते घ्यावे? अमेरिकेत बासवूड वापरतात, कारण त्याचे तंतू इतके बारीक की लहान प्रमाणात ते नजरेत भरत नाहीत. बाल्सा हलके आणि कापायला सोपे, पण त्याची छिद्रे मोठी आणि कडा चुरतात. आपण आगकाड्या आणि बांबूवरच पुष्कळ काम करू शकतो.

रंगाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. लाकडाला तैलरंग फासला की ते प्लास्टिकसारखे दिसते. मग लाकूड घेतले तरी कशाला? तिथले कारागीर अर्धा लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रेखाटनाची काळी शाई एक-दोन चमचे घालतात आणि त्यात काड्या बुडवतात. लाकूड राखाडी होते, म्हाताऱ्या फळीसारखे. हे जोडणीच्या आधी करायचे, कारण जिथे गोंद लागला तिथे शाई शिरत नाही आणि पांढरा डाग कायमचा राहतो. तारेच्या ब्रशने तंतूंच्या दिशेने ओरखडे काढले की आणखी वय वाढते.

पण किती वय वाढवायचे? येथे मतभेद आहेत. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे जॉन ॲलन यांनी 'गॉरी अँड डिफीटेड' नावाची कल्पित रेल्वे उभारली आणि जुनेपणाची कला लोकप्रिय केली. १९७३ च्या जानेवारीत ते वारले आणि थोड्याच दिवसांत आगीत ती रेल्वे नष्ट झाली. जॉर्ज सेलिऑस यांनी १९६७ पासून 'फाइन स्केल मिनिएचर्स' या नावाने लाकडी इमारतींचे संच काढले आणि ही परंपरा पुढे नेली. त्यांचे काम अप्रतिम आहे यात शंका नाही. परंतु त्यांच्या अनुकरणाने पुढे पुढे प्रत्येक छप्पर खचलेले आणि प्रत्येक फळी निखळलेली दिसू लागली. माझ्या मते ही अतिशयोक्ती आहे. चालू रेल्वेच्या स्थानकाला स्थानकमास्तर असतो, डागडुजी होते. मोडके तेवढे खरे, असे मानणे म्हणजे त्या काळच्या सुतारांवर अन्याय आहे.

याला उतारा म्हणजे पुरावा. १९६९ पासून अमेरिकेत जुन्या पुलांची व यंत्रस्थळांची मापे घेऊन सरकारी नकाशे तयार केले जात आहेत आणि ते कोणालाही पाहता येतात. मूळ पूल पाडला गेल्यावर नकाशावरून केलेली प्रतिकृती हा एक प्रकारचा दस्तऐवजच ठरतो. प्रतिकृती-रेल्वे प्रत्यक्ष पाहायची असेल, तर पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे.

शेवटी इमारत जागेवर बसवताना एक पथ्य पाळावे. बहुतेक प्रतिकृती जमिनीवर नुसत्या ठेवल्यासारख्या दिसतात आणि भिंतीखाली बारीक काळी फट राहते. तेव्हा पाया थोडा खाली रुतवून भोवती चाळलेली माती भरावी, पागोळ्यांच्या रेषेत ती जरा गडद करावी आणि पायऱ्यांपाशी, जिथे पाय पडतात तिथे, गवत लावू नये.