भाडं वाचलं, शिकणं थांबलं

आखाजीला किंवा दिवाळीला जळगावला गेलो की गल्लीतली, नात्यातली दोन-चार मुलं गाठतातच. "दादा, पुणं सोडून परत येऊ का?" कुणाची हिंजवडीतली नोकरी डळमळीत असते, कुणाला वाकडच्या खोलीचं भाडं झेपत नसतं, कुणाच्या आईचं दुखणं वाढलेलं असतं. मी परत जाऊन आलेला माणूस, म्हणून ते मला विचारतात. मी चुकीच्या तयारीने परतलो आणि त्याची किंमत मोजली. तीच चूक दुसऱ्या कुणी करू नये म्हणून हे लिहितो आहे.

मी जळगावचा. धुळ्याला देवपुरात खोली करून चार वर्षं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि २०१८ मध्ये पुण्यात नोकरीला लागलो. मार्च २०२० मध्ये कंपनीने लॅपटॉप घरी न्यायला सांगितला आणि मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जळगाव गाठलं. पुढची दोन वर्षं सुखाची गेली. पगार पुण्याचा आणि भाकरी घरची. खोलीचं भाडं, मेस, पेट्रोल धरून महिन्याला चौदा-पंधरा हजार वाचतात, असा हिशेब मी वहीत मांडून ठेवला होता.

२०२२ मध्ये कंपनीने पुन्हा ऑफिसला बोलावलं. मी राजीनामा दिला. खर्च निम्मा आहे, तर कमाई निम्मी झाली तरी भागेल, असं मला वाटलं. सराफ बाजार, डाळ मिल, चटईचे कारखाने, क्लासेस, एवढं मोठं गाव आहे. सगळ्यांना वेबसाइट आणि सॉफ्टवेअर लागणारच, असं मी धरून चाललो. एक छोटा गाळा भाड्याने घेतला.

लोकांनी आत बोलावलं, चहा पाजला, आपुलकीने विचारपूस केली. काम मात्र थोडं मिळालं. एका व्यापाऱ्याने मला समजावून सांगितलं, "आमचं गिऱ्हाईक तीस वर्षांपासून ठरलेलं आहे. भाव त्यांना व्हॉट्सअॅपवर कळतो. वेबसाइट कुणासाठी करायची?" त्याचं बरोबर होतं. मी त्याची गरज विचारलीच नव्हती, माझ्याजवळ होतं ते विकायला गेलो होतो. ज्यांनी काम दिलं, त्यांचे पैसे हंगामावर फिरत. माल निघाला की देऊ, दिवाळी होऊ द्या, मार्चनंतर बघू. मी कुणाशीच लेखी काही केलं नव्हतं, ॲडव्हान्सही घेतला नव्हता. गाळ्याचं भाडं मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला द्यावं लागायचं.

पैशाचं नुकसान पुढे भरून निघालं. खरं नुकसान काय झालं, ते मला दोन वर्षांनी कळलं.

२०२४ च्या मे महिन्यात मी पुण्यातल्या एका नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत देत होतो. बाहेर पारा चव्वेचाळीसच्या पुढे. आवाज जाऊ नये म्हणून कूलर बंद केलेला, शर्ट पाठीला चिकटलेला. मुलाखत घेणारा मुलगा माझ्याहून लहान असावा. त्याने माझं काम बघितलं आणि शांतपणे विचारलं, "हा कोड तुमच्याशिवाय आणखी कुणी वाचलाय का?" मी म्हणालो, "नाही." त्यावर तो काही बोलला नाही. मग त्याने जे जे विचारलं, ते दोन वर्षांत बदललेलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. पुण्यात असताना माझी प्रत्येक ओळ माझा सीनिअर वाचायचा, चुका दाखवायचा, परत लिहायला लावायचा. तेव्हा त्याचा राग यायचा. जळगावात माझी चूक पकडणारं कुणी नव्हतं, म्हणून मला वाटत राहिलं की माझं सगळं बरोबर चाललंय.

आता दुसरी बाजू. धुळ्यात माझ्याबरोबर राहणारा एक मित्र मेकॅनिकलचा. तो पुण्याला गेलाच नाही. मी पुण्यात लागलो त्याच वर्षी, माझ्यापेक्षा बऱ्याच कमी पगारावर, तो जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या एका कारखान्यात लागला. तेव्हा मला त्याची काळजी वाटली होती. त्या मुलाखतीनंतर मी त्याला भेटायला गेलो, तर तो लाइनवर उभा होता. एक्स्ट्रुडरमधून येणारा पाइप कापला गेला, त्याने पाइपच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "खालची बाजू जाड येतेय, डायचं सेंटरिंग सरकलंय." मग व्हर्निअर लावून बघितलं. तो म्हणाला तसंच निघालं. हे त्याला कुणी शिकवलं, असं विचारलं तर त्याने कोपऱ्यातल्या एका वयस्कर फोरमनकडे हात केला. "पहिली दोन वर्षं मामांनी मला एकही पाइप न तपासता पुढे जाऊ दिला नाही."

आम्ही दोघं एकाच गावात होतो, घरचंच जेवत होतो, उन्हाळाही एकच सोसत होतो. त्याला शिकवणारा माणूस मिळाला आणि मला मिळाला नाही. फरक एवढाच. मोठं शहर की छोटं शहर, हा प्रश्न म्हणूनच मला अपुरा वाटतो. पहिली तीन-चार वर्षं तुमची चूक कोण पकडणार आहे, ते आधी विचारा. ज्या गावात तो माणूस आहे, ते तुमचं गाव.

हे आपल्या खानदेशाच्या इतिहासातही दिसतं. विप्रो ही कंपनी अमळनेरची. २९ डिसेंबर १९४५ ला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने ती सुरू झाली, वनस्पती तूप बनवण्यासाठी. पुढे तिचा संगणकाचा व्यवसाय वाढला तो बंगळुरूला, कारण त्या धंद्याची जाणकार माणसं तिथे जमत होती. उलट ठिबक सिंचन, पाइप आणि केळीची टिश्यूकल्चर रोपं यांचं ज्ञान उद्योजक भवरलाल जैन यांच्या कामामुळे जळगावातच रुजलं. केळीतल्या कामात उतरू पाहणाऱ्या कृषी पदवीधराला रावेर-यावलच्या बागांमध्ये आणि इथल्या रोपवाटिकांमध्ये जे शिकायला मिळेल, ते पुण्याच्या ऑफिसात बसून मिळणार नाही. त्याने जळगाव सोडून जाणं ही माझ्यासारखीच चूक ठरेल, फक्त उलट्या दिशेची.

तेव्हा परत यायचं मनात असेल, तर माझं हे ऐका.

पहिलं, आपलं क्षेत्र तपासा. प्लास्टिक, डाळ प्रक्रिया, शेती आणि सिंचन यांत जळगाव भक्कम आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे मालवाहतूक, गोदामं यांचं काम तिथे आहे. सॉफ्टवेअरवाल्यांनी मात्र आधी चार-पाच वर्षं मोठ्या शहरात घासून घ्यावं, कुणाचाही आधार न घेता काम उभं करता येईल एवढं शिकावं आणि मग घरून काम करावं.

दुसरं, नोकरी स्वीकारण्याआधी सुट्टी काढून या आणि ज्याच्या हाताखाली काम करणार, त्याला भेटा. मालकाशी झालेलं बोलणं पुरेसं नाही. त्याच्या हाताखालची आधीची मुलं आज कुठे आहेत, ते विचारा. ती पुढे गेली असतील तर बिनधास्त या.

तिसरं, घरून काम करायची मुभा असेल तर ती लेखी घ्या. तोंडी मुभा एका ईमेलने जाते, हे मी भोगलं आहे. स्वतःचं काही सुरू करणार असाल, तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, निम्मे पैसे आधी घ्या आणि ठरलेलं कागदावर आणा. ओळखीचा माणूस आहे म्हणून कागद करायला लाजू नका. कागद असला तर ओळखही टिकते.

चौथं, उद्याच्या आश्वासनावर आजचा निर्णय घेऊ नका. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, सुमारे १८ हजार कोटींचा खर्च. धुळ्याने या मार्गासाठी अनेक वर्षं वाट बघितली आहे आणि तो झाला तर धुळं बदलेल, अशी माझीही आशा आहे. पण तुमच्या उमेदीची वर्षं रुळांची वाट बघत घालवू नका. आज गावात असलेलं काम बघून ठरवा.

पाचवं, घरच्यांशी मोकळं बोला. परत आलेल्या मुलाला "नोकरी गेली का?" असं विचारणारे भेटतात आणि लग्नाच्या बोलण्यात "मुलगा पुण्याला असतो का?" हे आधी विचारलं जातं. त्याचा त्रास आईवडिलांना तुमच्यापेक्षा जास्त होतो. तुमचा बेत त्यांना नीट माहीत असला, तर ते तुमच्या बाजूने उभे राहतात.

परत येण्यात मिळण्यासारखं काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये एका रात्री वडिलांच्या छातीत दुखायला लागलं आणि दहा मिनिटांत मी त्यांना दवाखान्यात पोचवलं. पुण्यात असतो तर निरोप मिळून पोचेपर्यंत रात्र सरली असती. त्या दोन वर्षांतलं हे एक मी कधीच तोट्यात धरणार नाही. आज मी पुन्हा पुण्यात आहे, कमी पगारावर नव्याने सुरुवात केली, आणि फोन रात्री वाजला की अजूनही दचकतो. मला जळगावला जायचं आहे आणि मी जाणार आहे. या वेळी काम ठरवून जाणार.

जळगाव-धुळ्यातल्या कारखानदारांनाही एक विनंती. तुम्हाला चांगली मुलं टिकत नाहीत, अशी तुमची तक्रार असते. पगारात तुम्ही पुण्याची बरोबरी करू शकणार नाही, हे मुलांना कळतं. पण तुमच्याकडे त्या फोरमन मामांसारखी माणसं आहेत. नवीन मुलगा आला की त्याला एका जाणत्या माणसाच्या हाताखाली दोन वर्षं द्या आणि ते नोकरी देतानाच सांगा. शिकायला मिळतंय म्हटल्यावर मुलं थांबतात. माझा मित्र आजही त्याच लाइनवर आहे, आणि आता नवी मुलं पाइप पुढे सोडण्याआधी त्याला दाखवतात.