पैसा साखळी बदलतो तेव्हा : माग काढताना शिकलेल्या सात गोष्टी

सायबर फसवणुकीत गेलेल्या क्रिप्टोचा माग काढण्याचं काम मी नाशिकमध्ये करते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार, निवृत्त शिक्षक, पिंपळगाव-लासलगावकडचे व्यापारी असे सगळ्या थरांतले लोक येतात. टेलिग्रामवरच्या कुठल्यातरी गुंतवणूक गटात ओढले जाऊन त्यांनी रुपये मोजून यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं क्रिप्टो नाणं) घेतलेले असतात आणि सांगितलेल्या पत्त्यावर पाठवून दिलेले असतात. पुढची एक-दोन हस्तांतरणं कुणालाही शोधता येतात. कस लागतो तो पैसा एका ब्लॉकचेनवरून दुसऱ्या ब्लॉकचेनवर गेला की. तिथे हाती लागलेलं शहाणपण असं :

१. आधी १९३०, मग बाकी सगळं.
चोरीचा पैसा बहुतेकदा ट्रॉन या ब्लॉकचेनवर, यूएसडीटीच्या रूपात निघतो. यूएसडीटी काढणारी टेथर कंपनी एखाद्या पत्त्यावरची रक्कम गोठवू शकते; त्यासाठी पोलिसांची रीतसर मागणी जावी लागते. बिटकॉइन किंवा इथर गोठवणारी अशी कंपनीच नाही. म्हणूनच चोर घाईघाईने यूएसडीटी मोडून इथर करतात. ‘घरी कळलं तर काय होईल’ या धास्तीत चार दिवस गेले, तर हातातली एकमेव कळ निसटते. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि मग घरच्यांना तोंड द्या.

२. फोटो नको, व्यवहाराचा क्रमांक द्या.
लोक मोबाइलमधले स्क्रीनशॉट दाखवतात. मी ट्रान्झॅक्शन हॅश मागते, कारण तो ट्रॉनस्कॅन किंवा इथरस्कॅन या संकेतस्थळांवर टाकून कुणालाही स्वतः पडताळणी करता येते. स्क्रीनशॉटवर विसंबण्याचा धोका महाराष्ट्राने पाहिला आहे. पुण्यातल्या गेनबिटकॉइन फसवणूक प्रकरणात पोलिसांना तांत्रिक मदत करणाऱ्या दोघांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. तपासातली नाणी परस्पर वळवल्याचा आणि स्क्रीनशॉटमध्ये फेरफार केल्याचा आरोप होता. पत्ताही पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं पाहून ‘तोच’ ठरवू नका. सारखे दिसणारे पत्ते मुद्दाम बनवून पाठवले जातात. पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून बघा.

३. पुलावरून नाणं पलीकडे जात नाही.
दोन साखळ्यांना जोडणाऱ्या सेवेला ब्रिज म्हणतात. नावावरून वाटतं की नाणं इकडून तिकडे गेलं. प्रत्यक्षात हा हुंडीसारखा व्यवहार आहे : एका गावच्या पेढीत रक्कम भरायची आणि दुसऱ्या गावच्या पेढीने आपल्या गल्ल्यातून तेवढी द्यायची. इथे नाणं कुलूपबंद होतं किंवा जाळलं जातं आणि तिथे दुसरंच दिलं जातं. त्यामुळे नाण्याच्या मागे धावून उपयोग नसतो. भरणा आणि अदायगी यांची जोडी शोधावी लागते.

पुष्कळदा ही जोडी उघड्यावर पडलेली असते. वर्महोल या ब्रिजमध्ये प्रत्येक संदेशाला अनुक्रमांक असतो, तो दोन्ही बाजूंना सापडतो. थॉरचेनमध्ये तर व्यवहारासोबत एक मेमो जातो. बिटकॉइनच्या व्यवहारात तो ‘ओपी रिटर्न’ या भागात असतो. बाहेरून अक्षरांची निरर्थक ओळ दिसते, पण तीत कुठलं नाणं हवं आणि कुठल्या पत्त्यावर, हे चोराने स्वतः लिहून दिलेलं असतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट एक्सचेंजमधून सुमारे दीडशे कोटी डॉलरचं इथर चोरीला गेलं. त्यातला फार मोठा भाग थॉरचेनवरून बिटकॉइनमध्ये गेला आणि ती वाट साऱ्या जगाने पाहिली.

४. नव्या साखळीवरची पहिली फी कुणी भरली ते बघा.
पैसा पलीकडे पोहोचला तरी तो हलवायला त्या साखळीचं स्वतःचं नाणं लागतं. इथेरियमवर इथर, ट्रॉनवर टीआरएक्स. नव्या वॉलेटमध्ये ते आधी कुणीतरी टाकलेलं असतं. म्हणून पुढे जाण्याआधी मी मागे जाते. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्स या भारतीय एक्सचेंजमधून सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले आणि त्यातले काही सोलानावरून इथेरियमवर नेले गेले. चोराच्या वॉलेटमध्ये सुरुवातीला आलेलं एक इथर टोर्नेडो कॅश या माग पुसणाऱ्या मिक्सरमधून आलं होतं. तो चोर सावध होता. पण फीची एवढीशी रक्कम एखादा आपल्या नावाच्या एक्सचेंज खात्यातूनही भरून जातो. लाखांच्या व्यवहारात न सापडलेलं नाव अशा किरकोळ रकमेत सापडू शकतं.

५. पक्कं काय आणि अंदाज काय, हे वेगळं लिहा.
खातं न उघडता झटपट नाणी बदलून देणाऱ्या काही सेवा जोडीचा कोणताही सार्वजनिक पुरावा ठेवत नाहीत. तिथे रक्कम आणि वेळ यांवरून मेळ घालावा लागतो. फी वजा करून बघा. साखळीवरची वेळ बहुधा यूटीसीमध्ये असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. फिर्यादीत रात्री १२ वाजून १० मिनिटं असतील, तर ती आदल्या दिवशीची संध्याकाळी ६.४० असते. तारीखच बदलते!

एवढं करूनही जुळणारे दोन-तीन व्यवहार उरले, तर अहवालात ते सगळे लिहा. त्या टोकाला कुणीतरी माणूस असतो. कदाचित त्याने पी-टू-पी बाजारात सरळपणे यूएसडीटी विकलेले असतात, आणि आपल्या एका घाईच्या निष्कर्षामुळे त्याचं पगाराचं बँक खातं गोठतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र अहवालाला जोडता येतं. अंदाजाला पुराव्याचा दर्जा त्याने मिळत नाही.

६. एक्सचेंजचं दार आलं की थांबा.
एक्सचेंजने ग्राहकाला दिलेल्या जमा पत्त्यावर पैसा पोहोचला, की पुढे तो सगळ्यांच्या सामायिक वॉलेटमध्ये मिसळतो. तिथून निघणारे व्यवहार त्या चोराचे नसतात. आता काम कागदाचं : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलिसांची नोटीस. ७ मार्च २०२३ पासून क्रिप्टो सेवा देणाऱ्यांना मनी लाँड्रिंगविरोधी कायदा लागू आहे, त्यामुळे ग्राहकाची ओळख ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. मिळालेलं नाव भाड्याने दिलेल्या खात्याचं निघू शकतं, तरी तपासाला पुढचा धागा मिळतो.

७. माग लागला म्हणजे पैसे मिळाले असं नाही, हे स्पष्ट सांगा.
“ताई, पैसे इथे दिसतायत ना, मग काढता का येत नाहीत?” हा प्रश्न हमखास येतो. त्या पत्त्याची खासगी किल्ली दुसऱ्याकडे आहे, हे शांतपणे समजावून सांगावं लागतं. कारण याच अगतिकतेवर दुसरी टोळी टपलेली असते. ‘फी भरा, रक्कम परत आणून देतो’ म्हणत ती त्याच माणसाला पुन्हा लुटते. ब्लॉकचेनवरचा व्यवहार खाजगीत उलटवणारं कुणीही नाही. आगाऊ पैसे किंवा वॉलेट उघडणारे बारा गुप्त शब्द मागणारा माणूस लुबाडणाराच.

म्हणून मी प्रत्येक कुटुंबाला मराठीत एक पान लिहून देते : रक्कम आज कुठे थांबली आहे, तिथे कुणाला नोटीस गेली पाहिजे, किती भाग गोठवण्याजोगा आहे आणि कोणता हाताबाहेर गेला आहे. कष्टाचा पैसा गमावलेल्या माणसाला निदान खरा हिशेब मिळण्याचा हक्क आहे.