शब्दपरिचय : 'बालागान'



इस्राएलमध्ये घरी-दारी कानावर पडणारा एक शब्द म्हणजे 'बालागान'. उच्चारताना जोर शेवटच्या 'गान'वर द्यावा. अर्थ : गोंधळ, पसारा, अव्यवस्था. मुलांनी खोलीभर खेळणी टाकली की आई म्हणते, 'एझे बालागान!' म्हणजे, 'काय हा पसारा!'

हा शब्द मूळचा हिब्रू नव्हे. फारसीत 'बाला' म्हणजे वरचा आणि 'खाना' म्हणजे घर किंवा जागा; 'बालाखाना' म्हणजे माडीवरची खोली. तुर्की कुळातील भाषांतून तो रशियनमध्ये गेला. तेथे जत्रेत खेळ दाखविण्यासाठी उभारलेल्या लाकडी मांडवाला 'बालागान' म्हणू लागले. अलेक्सान्द्र ब्लोक यांच्या १९०६ सालच्या 'बालागानचिक' या नाटकाचे नाव त्यावरूनच आले. अशा मांडवात विदूषकांचा धांगडधिंगा चाले, म्हणून पोरखेळ, धुमाकूळ असाही अर्थ चिकटला. पोलिशमध्ये पसारा हाच अर्थ रूढ झाला. पूर्व युरोपातून आलेल्या यहुद्यांनी हा शब्द येथे आणला.

हिब्रूने त्याला आपल्या व्याकरणात बसविले. 'लेवालगेन' म्हणजे पसारा करणे, 'मेवुलगान' म्हणजे अस्ताव्यस्त, आणि 'बालागानिस्ट' म्हणजे पसारा करणारा. मराठीनेही परभाषेतील 'बदल' व 'खर्च' घेऊन 'बदलणे', 'खर्चणे' अशी क्रियापदे केलीच आहेत.

आपल्यातील काही वडीलधाऱ्यांना मुलांची ही बोली परकी वाटते. पण हा 'बाला' आपल्या 'बालेकिल्ल्या'त आहे, आणि 'खाना' 'दवाखान्या'त व 'कारखान्या'त आहे. अर्थ बदलण्याची तऱ्हाही ओळखीची आहे. 'गोंधळ' हा मुळात देवीपुढचा विधी व 'तमाशा' हा लोकांपुढचा खेळ. तरी 'केवढा गोंधळ घातला आहे!', 'चारचौघांत तमाशा करू नकोस' असे आपण म्हणतोच.

आता वापराविषयी. 'बालागान' ही शिवी नव्हे. घरात, बाजारात, शेजाऱ्याशी बोलताना तो खुशाल वापरावा. कचेरीला अर्ज लिहिताना मात्र 'ई-सेदेर' लिहावे. 'सेदेर' म्हणजे क्रम, व्यवस्था. पेसाहच्या रात्रीमुळे हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. त्याआधीचा 'ई' नकार दाखवितो.

आमची एक सूचना आहे. नातवंडाने 'बालागान' म्हटले की त्याला 'बालेकिल्ला' म्हणजे काय ते सांगावे. मराठी शिकायला बस, असे म्हटले तर ते पळेल. पण आपल्याच शब्दाची गोष्ट ते ऐकेल, आणि एक मराठी शब्द त्याच्या पदरात पडेल.