जुना स्थलनिर्देशक नकाशा आणि शेततळ्याची जागा

रायपूरमधील ब्राह्मणपारा ही वस्ती बूढा तालाबापासून जवळच आहे. शहराभोवतालच्या भातपट्ट्यातही गावोगावी असे तलाव आढळतात. त्यांपैकी कोणते तलाव आणि नाले बुजले, हे जाणण्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलनिर्देशक नकाशे उपयुक्त ठरतात. रायपूर परिसर '६४ जी' या पत्रकात येतो.

प्रथम समासातील सर्वेक्षणाचे वर्ष व प्रमाण पाहावे. १ इंचास १ मैल प्रमाण असल्यास १ चौरस इंच म्हणजे ६४० एकर, अर्थात सुमारे २५९ हेक्टर क्षेत्र होय. पाणी निळ्या, लागवडीखालील जमीन पिवळ्या, तर समोच्च रेषा तपकिरी रंगात असतात. कोरडा प्रवाह काळ्या रेषेने दाखवलेला असतो. ती पायवाट समजू नये. समोच्च रेषा चढाच्या दिशेने टोकदार वळतात, तेथे ओघळ असतो.

मात्र, या पत्रकांत समोच्च रेषांमधील अंतर सामान्यतः ५० फूट असल्याने सपाट खाचरांतील सौम्य उतार त्यांवर दिसत नाही. त्यामुळे नकाशावरून संभाव्य जागा हेरावी, शिवारफेरीत ज्येष्ठ शेतकऱ्यांकडून खात्री करावी आणि लेव्हल यंत्राने उतार मोजूनच शेततळ्याची आखणी करावी. बुजलेल्या नाल्याच्या वाटेत घातलेला बांध मुसळधार पावसात फुटण्याचा धोका असतो.