एसएसएच जोडणी भर कामात तुटते तेव्हा : हवामान केंद्राच्या दूरस्थ देखभालीतील एक दोष

प्रक्षेत्रावरील स्वयंचलित हवामान केंद्रातील नोंदयंत्र म्हणजे अनेकदा एक छोटा लिनक्स संगणकच असतो. कार्यालयात बसून एसएसएच, म्हणजे सिक्युअर शेल, या सुरक्षित मार्गाने त्यात प्रवेश करता येतो व नोंदी उतरवून घेता येतात. ही जोडणी मध्येच तुटली की दोष मोबाइल नेटवर्कच्या माथी मारला जातो. पुष्कळदा ते खरे असते, पण नेहमी नाही.

काही काम न करता थोडा वेळ गेला आणि जोडणी गोठली, तर मधल्या राउटरने ती निष्क्रिय समजून सोडून दिलेली असते. ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ 60 सेकंदांवर ठेवल्यास हा त्रास बहुधा थांबतो. मोठी फाइल उतरत असताना जोडणी तुटून ‘करप्टेड मॅक ऑन इनपुट’ असा संदेश आला, तर मात्र माहितीच वाटेत बिघडलेली असते. येथील ‘मॅक’चा नेटवर्क कार्डाच्या पत्त्याशी संबंध नाही. तो प्रत्येक पाकिटावरील पडताळणीचा शिक्का होय. पाकिटातील एक बिट जरी बदलला तरी शिक्का जुळत नाही. एसएसएच ते पाकीट पुन्हा मागवत नाही. छेडछाडीचा संशय घेऊन जोडणीच तोडते.

मुळात असे पाकीट एसएसएचपर्यंत पोहोचू नये. त्याआधी टीसीपीची तपासणी असते; परंतु ती अवघ्या 16 बिटांच्या बेरजेची असते, आणि बहुतेक संगणकांत ती नेटवर्क कार्डावरच उरकली जाते. कार्डातून संगणकाच्या स्मृतीत जाताना माहिती बिघडली, तर ती बेरजेच्या नजरेतून निसटते.

जोडणी तुटते म्हणून साध्या एफटीपीचा आधार घेण्याचा मोह येथेच होतो. एफटीपी तक्रार करत नाही, कारण त्याच्याकडे असा शिक्काच नसतो. मजकूर-फाइलमधील ‘9’ या अंकाचा शेवटचा बिट उलटला की त्याचा ‘8’ होतो, आणि 92 टक्के सापेक्ष आर्द्रता 82 टक्के म्हणून नोंदली जाते. हा आकडा पाहून कोणालाही शंका येणार नाही. द्राक्षावरील केवड्याचा सल्ला मात्र त्यावरच बेतला जाईल. संदेशाचे कारण शोधण्याऐवजी एसएसएचची कूटपद्धती बदलत बसणेही निरर्थक; फार तर संदेशाचे शब्द बदलतील.

शोध दिशेपासून सुरू करावा. ‘ऑन इनपुट’ची तक्रार ज्या संगणकाच्या लॉगमध्ये आहे, त्याच्याकडे येणारी माहिती बिघडत आहे. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दुसऱ्या संगणकावरून त्याच नोंदयंत्रात प्रवेश करून पाहावा. तेथेही जोडणी तुटली तर संशय नोंदयंत्रावर किंवा मधल्या वाटेवर जातो, न तुटल्यास पहिल्या संगणकावर. मग केबल बदलावी. ‘ईथटूल’ने कार्डावरील बेरजेची तपासणी बंद करून ते काम मुख्य प्रोसेसरकडे द्यावे. एवढ्याने तुटणे थांबले, तर कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर सदोष समजावा. तरीही उलगडा न झाल्यास रात्रभर स्मृतीची चाचणी लावावी.

सौरऊर्जेवरील केंद्रांत वीजपुरवठ्याकडे विशेष लक्ष द्यावे. रास्पबेरी पाय मंडळाला 5 व्होल्टचा पुरवठा लागतो. दाब सुमारे 4.63 व्होल्टच्या खाली गेला की ते स्वतःच्या लॉगमध्ये कमी दाबाचा इशारा नोंदवते. ढगाळ पावसाळी दिवसांतच जोडणी तुटत असेल, तर तो इशारा सर्वांत आधी पाहावा. बॅटरी, बारीक तार आणि गंजलेला जोड यांपैकी काहीही कारण निघू शकते.

दोष दुरुस्त झाल्यावर त्या काळातील नोंदी नोंदयंत्राच्या मेमरी कार्डावरून पुन्हा उतरवाव्यात, दोन्ही टोकांना त्यांचे ‘शा-256’ मूल्य काढून जुळवावे, आणि जेथे फरक दिसेल तेथे त्या दिवसांचे सल्ले पुन्हा तपासावेत.