पेंढा, बुरशी आणि दावणीची जनावरे

भाताची मळणी आटोपली की इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात खळ्यालगत पेंढ्याच्या उडव्या उभ्या राहतात. पूर्वेकडे येवला-नांदगाव भागात त्यांची जागा बाजरीचे सरमाड व मक्याची वैरण घेते, तर निफाडकडे गव्हाचा भुसा साठविला जातो. चैत्र-वैशाखात हिरवा चारा संपला म्हणजे डांगी गाईबैलांची भिस्त या वाळल्या वैरणीवरच असते. तिने जनावराचे पोट भरते, पण ती अंगी लागत नाही.

याचे कारण पेंढ्याच्या घडणीत आहे. त्यातील सेल्युलोज ही वस्तुतः साखरेचीच साखळी असून रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्मजीव ती फोडू शकतात. परंतु तिच्याभोवती लिग्निन या चिवट द्रव्याचे वेष्टन असते. लिग्निन फोडण्यास प्राणवायू लागतो आणि जनावराच्या कोठीपोटात तो जवळजवळ नसतो. भाताच्या पेंढ्यात सिलिकाची भर पडते, आणि प्रथिने जेमतेम तीन-चार टक्केच असतात.

जंगलात पडलेले लाकूड पांढरे व भुसभुशीत करणाऱ्या बुरशींना मात्र हे वेष्टन फोडता येते. दक्षिण चिलीतील शेतकरी असे कुजके लाकूड गुरांना चारीत असत. आपल्याकडे लागवडीखाली असलेली धिंगरी अळिंबी याच गटातील आहे. भिजवून गरम पाण्याने निर्जंतुक केलेल्या पेंढ्यात तिचे बियाणे मिसळले की दोन-तीन आठवड्यांत पांढरे तंतू सर्वत्र पसरतात.

येथे एक हिशेब नीट समजून घेतला पाहिजे. बुरशी फुकट राबत नाही; लिग्निन फोडताना ती पेंढ्यातील साखरही खाते आणि मालाचे वजन घटते. पुष्कळदा 'प्रथिने वाढली' असे सांगितले जाते, पण वाढते ते शेकडा प्रमाण. बुरशी हवेतील नत्र स्थिर करीत नाही, त्यामुळे बाहेरून नत्र दिल्यावाचून एकूण नत्राचा साठा वाढत नाही. म्हणून कोणती बुरशी वापरली आणि ती कधी थांबविली, यावर सारे अवलंबून आहे. अळिंबीच्या अनेक तोडण्या घेऊन उरलेला पेंढा चारा म्हणून निकृष्ट ठरू शकतो.

कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेने १९८० च्या दशकात यावर एक वाट शोधली. प्रथम पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करावयाची, नंतर चुना व सुपर फॉस्फेट मिसळून त्यावर 'कोप्रिनस' ही बुरशी वाढवावयाची, म्हणजे मोकळ्या अमोनियाचे बुरशीच्या प्रथिनांत रूपांतर होते. कल्पना नामी होती. परंतु ओलावा सांभाळणे, बुरशीचे बियाणे मिळविणे आणि वजनातील घट सोसणे हे दोन म्हशींच्या धन्याला पेलणारे नव्हे.

याहून गंभीर धोका गैरसमजाचा आहे. बुरशीने पेंढा सुधारतो एवढेच ऐकून अवकाळी पावसात भिजलेली, काळी-हिरवी पडलेली वैरण कोणी दावणीत टाकू नये. ती वाढ रानटी बुरशीची असते. फ्युझेरियमसारख्या बुरशीने ग्रासलेला भाताचा पेंढा खाल्ल्यास म्हशींना देगनाळा रोग होऊन शेपटी, कान व खूर सडतात. द्राक्षबागेच्या छाटणीच्या काड्यांवरही हा प्रयोग नको. त्यांवर औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात.

गावपातळीवर आज हाती येण्याजोगा उपाय युरिया प्रक्रियेचाच आहे. शंभर किलो कोरड्या पेंढ्यास चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, पेंढा दाबून हवाबंद झाकावा आणि तीन आठवड्यांनी उघडावा. चारण्यापूर्वी तो पसरून अमोनियाचा वास जाऊ द्यावा. युरियाचे पाणी जनावरांच्या तोंडी लागेल अशा जागी क्षणभरही ठेवू नये. ते विषारी ठरते. सहा महिन्यांखालील वासरांना हा पेंढा देऊ नये.